कागद कोणाच्या हातात? हाताने बनवलेल्या मिनी-कॉमिक्सचा इतिहास आणि आपण

कॉमिक्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? सुपरमॅन, चाचा चौधरी, नाहीतर गोरेपान देव आणि काळेकुट्ट राक्षस. लहान मुलांचा सुट्टीतला वेळ घालवण्याचे साधन, यापलीकडे आपण त्याकडे पाहत नाही. चळवळीत काम करणाऱ्यांनी अशा गोष्टीत का लक्ष घालावे, असे आमच्या काही सहकाऱ्यांनी आम्हाला स्पष्टच विचारले. त्याचे उत्तर आम्ही मताने न देता इतिहासाने देणार आहोत. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतला आहे. पण वाचताना आपलाच वाटेल, याची आम्हाला खात्री आहे.

आधी मिनी-कॉमिक्स म्हणजे काय ते पाहू. एक माणूस गोष्ट लिहितो, तोच चित्रे काढतो, तोच पाने झेरॉक्स करतो, घड्या घालतो, मध्ये दोन पिना मारतो आणि तोच टेबलामागे बसून विकतो. आठ पाने, बारा पाने, फार तर चोवीस. आकार तळहाताएवढा. प्रकाशक नाही, संपादक नाही, वितरक नाही. अमेरिकेत कॉमिक्सची जी मोठमोठी संमेलने भरतात, ज्यांना कॉमिक-कॉन म्हणतात, तिथे झगमगीत स्टॉलच्या पलीकडे कोपऱ्यातल्या टेबलांवर अशा पुस्तिका मांडलेल्या असतात. अनेक वाचकांना आयुष्यातले पहिले मिनी-कॉमिक अशाच एखाद्या टेबलावर सापडले आहे.

आम्हालाही ते तसेच सापडले. मुंबईतल्या एका संमेलनात प्लास्टिकच्या तलवारी, मुखवटे आणि महागडे टी-शर्ट यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही मागच्या बाजूला गेलो, तर दोन मुली झेरॉक्स केलेल्या पुस्तिका घेऊन बसल्या होत्या. किंमत तीस रुपये. एका पुस्तिकेत एकीने आपल्या आजीची गोष्ट काढली होती. रेषा कच्ची होती, अक्षर वाकडे होते. पण त्या सबंध सभागृहात ज्या गोष्टीचा मालक स्वतः समोर बसला आहे, अशी आम्ही पाहिलेली ती एकच वस्तू होती. तेव्हापासून आम्ही या प्रकाराचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. चित्र कोण काढतो, हा प्रश्न नंतरचा. त्याआधीचा प्रश्न आहे, कागद कोणाच्या हातात आहे?

एकशेतीस डॉलरचा सुपरमॅन

कॉमिक्सच्या जगातला सर्वांत श्रीमंत नायक म्हणजे सुपरमॅन. त्याचा जन्म कुठे झाला? १९३३ च्या सुमारास क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू शाळकरी मित्रांनी विज्ञानकथांचे एक छोटे नियतकालिक काढले. ते छापखान्यात छापलेले नव्हते, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर प्रती काढलेले होते. त्याच्या तिसऱ्या अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा आले. तेव्हा तो नायक नव्हता, खलनायक होता. पुढे त्यांनी तो बदलला, वर्षानुवर्षे प्रकाशकांचे उंबरे झिजवले, आणि १९३८ साली जेव्हा तो छापला गेला तेव्हा त्याचे सगळे हक्क कंपनीने १३० डॉलरला लिहून घेतले. त्या १३० डॉलरच्या जोरावर कंपनीने पुढे कोट्यवधी कमावले आणि निर्माते उतारवयात हलाखीत जगले. १९७५ साली बराच गाजावाजा झाल्यावर कंपनीने त्यांना वार्षिक मानधन सुरू केले.

म्हणजे निर्मिती हाताने झाली, नाव हाताने मिळाले, पण छापखाना आणि वितरण दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे मालकी गेली. श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची ही रीत आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्या वाडवडिलांनी गावगाड्यात तेच भोगले आहे.

कागद नाकारला जातो तेव्हा

सीगल आणि शुस्टर यांना निदान दार उघडून मिळाले. कृष्णवर्णीयांना तेही मिळाले नाही. ऑरिन इव्हान्स हे फिलाडेल्फियातले कृष्णवर्णीय पत्रकार. ते ज्या दैनिकात काम करत होते ते १९४७ साली बंद पडले. तेव्हा त्यांनी काही सहकारी गोळा केले आणि जून १९४७ मध्ये ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ नावाचा अंक काढला. त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी हाच शब्द सर्रास वापरला जाई. लेखक कृष्णवर्णीय, चित्रकार कृष्णवर्णीय, नायकही कृष्णवर्णीय. त्यात एस हार्लेम नावाचा गुप्तहेर होता, लायन मॅन नावाचा शास्त्रज्ञ-नायक होता. तोपर्यंत अमेरिकन कॉमिक्समध्ये काळा माणूस म्हणजे जाड ओठांचा, बावळट बोलणारा नोकर. इव्हान्स यांनी ते चित्र बदलायचे ठरवले. बाजारातली इतर कॉमिक्स दहा सेंटला मिळत, हा अंक पंधरा सेंटला होता.

दुसऱ्या अंकाची चित्रे तयार होती. पण तो अंक कधीच निघाला नाही. कारण इव्हान्स यांना कागद मिळाला नाही. ज्यांनी आधी वृत्तपत्री कागद दिला होता, त्यांनी विकायला नकार दिला. पुस्तक जाळले गेले नाही, बंदी आली नाही, खटला झाला नाही. फक्त कागद मिळाला नाही आणि एक अख्खी परंपरा पहिल्याच अंकात थांबली.

मित्रांनो, ही गोष्ट वाचताना आम्हाला १९२० साल आठवले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात, तीही पैसे मोजून, छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. अमेरिकेत कागद अडवला गेला, इथे जाहिरात. शोषितांचा आवाज बंद करायला दरवेळी लाठी लागत नाही. पुरवठा थांबवला तरी पुरते. बाबासाहेबांनी हे ओळखले होते, म्हणूनच त्यांनी एकामागून एक वर्तमानपत्रे काढली आणि चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. आपला मजकूर आपल्या यंत्रावर, हा त्यामागचा विचार होता.

घामाचे थेंब आणि सेन्सॉर

१९५३ साली एका विज्ञानकथांच्या कॉमिकमध्ये ‘जजमेंट डे’ नावाची गोष्ट आली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ओर्लांडो. एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तो ग्रह आकाशगंगेच्या गणराज्यात सामील व्हायला लायक आहे का, हे त्याला ठरवायचे असते. तिथे केशरी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव असतात. कारखान्यात त्यांचे आतले सगळे भाग अगदी सारखे, फरक फक्त बाहेरच्या कवचाच्या रंगाचा. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, कामे हलकी, बसमध्ये जागा मागे. अंतराळवीर सांगतो की तुम्ही अजून लायक झालेला नाही. यानात परतल्यावर तो शिरस्त्राण काढतो आणि शेवटच्या चौकटीत दिसतो काळ्या वर्णाचा माणूस, कपाळावर ताऱ्यांसारखे चमकणारे घामाचे थेंब.

जन्माने चिकटवलेल्या कवचावरून माणसाची वस्ती, काम आणि जागा ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला त्या सात पानांत लगेच कळते. १९५४ साली अमेरिकन कॉमिक्स उद्योगाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिचा शिक्का नसेल तर वितरक अंक घेत नसत. १९५६ साली प्रकाशक विल्यम गेन्स ही गोष्ट पुन्हा छापायला निघाले, तेव्हा संहितेच्या अधिकाऱ्याने सांगितले की तो अंतराळवीर काळा असता कामा नये. काळा नसला तर गोष्टीला अर्थच उरत नाही, हे त्याला कळत नव्हते असे आम्हाला वाटत नाही. गेन्स यांनी नमते घेतले नाही, गोष्ट जशीच्या तशी छापली आणि त्यानंतर त्यांच्या कंपनीने कॉमिक्सचे अंक काढणेच थांबवले. एक गोरा, साधनसंपन्न प्रकाशक पाठीशी असताना ही स्थिती होती. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याचे काय होत असेल?

दहा सेंटची पुस्तिका आणि गैरहजर महाड

या सगळ्या उद्योगाच्या बाहेर एक वेगळी घटना घडली. डिसेंबर १९५७ मध्ये ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संघटनेने सोळा पानांचे एक कॉमिक काढले, ‘मार्टिन ल्यूथर किंग अँड द मॉन्टगोमेरी स्टोरी’. किंमत दहा सेंट. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि मग मॉन्टगोमेरी शहरात ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला, त्याची ही गोष्ट. सुमारे अडीच लाख प्रती निघाल्या. वितरकांची साखळी टाळून चर्च, शाळा आणि संघटनांच्या हातांनी त्या वाटल्या गेल्या. पुस्तिकेच्या शेवटी आंदोलन कसे करायचे, याच्या पायऱ्या दिल्या होत्या. तरुणपणी ती वाचलेल्या जॉन लुईस यांनी पुढे खासदार झाल्यावर आपली आत्मकथा ‘मार्च’ या नावाने तीन खंडांच्या कॉमिकमध्येच सांगितली आणि तिच्या तिसऱ्या खंडाला २०१६ साली अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. २०१५ साली सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये लोक सुपरहिरोंचे पोशाख घालून फिरत होते. त्याच सभागृहात लुईस १९६५ च्या सेल्मा मोर्चात घातला होता तसा कोट घालून, पाठीवर तशीच पिशवी घेऊन आले आणि लहान मुलांचा हात धरून त्यांनी संमेलनातच मोर्चा काढला. तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते.

ही पुस्तिका मोठीच आहे. पण आपल्या दृष्टीने तिच्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या सोळा पानांत भारत येतो आणि भारताचा माणूस म्हणून येतात ते गांधी. सार्वजनिक जागेवरच्या हक्कासाठी अस्पृश्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो संघर्ष मॉन्टगोमेरीच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा होता. बसमधली जागा आणि तळ्याचे पाणी, दोन्ही ठिकाणी मागणी माणूस म्हणून वागवण्याची. तरी महाड तिथे नाही. याचा दोष आम्ही केवळ त्या संघटनेला देत नाही. जे चित्रात आले नाही, हातोहात वाटले गेले नाही, ते समुद्र ओलांडून जात नाही. गांधींची प्रतिमा जगभर पोहोचवणारी यंत्रणा होती. आपली नव्हती. खरे तर आपला आणि अमेरिकेचा धागा त्याहून जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला नाव दिले. धागा होता, चित्र नव्हते.

झेरॉक्स, टेबल आणि वीट

मिनी-कॉमिक्सची खरी लाट आली ती झेरॉक्स यंत्र गल्लीबोळात पोहोचल्यावर. १९५९ साली साध्या कागदावर प्रती काढणारे यंत्र बाजारात आले आणि पुढच्या दोन दशकांत विद्यार्थ्यालाही परवडेल इतकी प्रत स्वस्त झाली. दुसरीकडे, १९६४ साली न्यू यॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींचे छोटेसे संमेलन भरले. १९७० साली सॅन दिएगोत भरलेल्या संमेलनाला सुमारे तीनशे लोक आले. आज तिथे लाखाच्या वर लोक येतात. झेरॉक्सने छपाईचा प्रश्न सोडवला आणि संमेलनातल्या टेबलाने वितरणाचा. हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच एकट्या माणसाला प्रकाशक होता आले. मॅट ग्रोनिंग यांनी १९७७ च्या सुमारास झेरॉक्स केलेले ‘लाइफ इन हेल’ आपण काम करत असलेल्या रेकॉर्डच्या दुकानात विकले. पुढे ‘द सिम्पसन्स’ ही जगप्रसिद्ध मालिका त्यांच्याच हातून घडली. जॉन पोर्सेलिनो यांनी १९८९ पासून ‘किंग-कॅट’ ही पुस्तिका काढली. साध्या रेषेत, रोजच्या जगण्याबद्दल. यांतल्या कित्येक पुस्तिका विकल्या जात नसत, एकमेकांना दिल्या-घेतल्या जात. तुझी मला दे, माझी तू घे.

पण मित्रांनो, इथे भाबडे होऊन चालणार नाही. साधन स्वस्त झाले म्हणजे समता आली असे होत नाही. १९६८ साली रॉबर्ट क्रम्ब यांनी ‘झॅप’ हा अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर लहान मुलाच्या ढकलगाडीत ठेवून विकला, हे कौतुकाने सांगितले जाते. सेन्सॉरला झुगारून निघालेल्या त्याच चळवळीत त्याच क्रम्ब यांनी कृष्णवर्णीय स्त्रीचे अत्यंत विकृत चित्रण केले. म्हणजे बंडखोर पुरुषाच्या हातात स्वातंत्र्य आले तरी वर्ण आणि लिंगाचा अहंकार तसाच राहिला. त्याला उत्तर म्हणून १९७० साली ट्रिना रॉबिन्स आणि त्यांच्या मैत्रिणींनी केवळ स्त्रियांनी केलेले कॉमिक काढले आणि १९७२ साली ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू झाले. आपल्याकडेही साठच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांनी प्रस्थापित साहित्याला धक्का दिला. पण त्या बंडातही दलितांचे जगणे आपोआप आले नाही. ते राजा ढाले, नामदेव ढसाळ यांच्यासारख्यांनी स्वतः आणले. बंडखोरांच्या पंगतीतही आपले पान आपल्यालाच मांडावे लागते.

मेरीलँड राज्यात १९९४ पासून छोट्या प्रकाशकांचे ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ नावाचे संमेलन भरते. तिथे १९९७ पासून इग्नाट्झ पुरस्कार दिले जातात. त्यात मिनी-कॉमिक्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि पुरस्कार म्हणून हातात चक्क एक वीट देतात. का? कारण इग्नाट्झ हा ‘क्रेझी कॅट’ या जुन्या चित्रमालिकेतला वीट फेकणारा उंदीर. आणि या मालिकेचा चित्रकार जॉर्ज हेरिमन याची कहाणी प्रत्येक आंबेडकरी तरुणाने ऐकावी अशी आहे. हेरिमन १८८० साली न्यू ऑर्लिन्समध्ये मिश्र वंशाच्या कुटुंबात जन्मला. त्याच्या जन्मदाखल्यावर ‘कलर्ड’ अशी नोंद होती. पण तो आयुष्यभर गोरा म्हणून वावरला. सोबती त्याला ग्रीक समजत. १९४४ साली तो वारला तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर तो गोरा होता. जन्मदाखल्यातली ती नोंद जगासमोर आली १९७१ साली, मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. कॉमिक्सच्या इतिहासातला एक थोर कलावंत आपली ओळख सांगून त्या वर्तमानपत्रांत जागा मिळवू शकला नसता, म्हणून त्याने ती लपवली.

आपल्यातले किती जण महाविद्यालयात, कार्यालयात, भाड्याचे घर शोधताना आडनाव गिळतात? किती जण सहकाऱ्यांच्या आरक्षणावरच्या गप्पा ऐकून खाली मान घालतात? हेरिमनला आम्ही दोष देत नाही. दोष त्याला लपायला लावणाऱ्या व्यवस्थेचा. पण लपून मिळवलेल्या कीर्तीचा त्याच्या समाजाला त्या काळात काहीच उपयोग झाला नाही, हेही तितकेच खरे आहे. हाताने बनवलेल्या पुस्तिकेवर मात्र माणूस आपले पूर्ण नाव आपल्याच अक्षरात लिहू शकतो.

शेवटी कृष्णवर्णीय कलावंतांनी काय केले? त्यांनी दुसऱ्याच्या सभागृहात कोपरा मागण्यावर समाधान न मानता स्वतःची संमेलने उभी केली. ज्या फिलाडेल्फियात इव्हान्स यांना कागद नाकारला गेला होता, त्याच फिलाडेल्फियात २००२ साली ‘ईस्ट कोस्ट ब्लॅक एज ऑफ कॉमिक्स कन्व्हेन्शन’ सुरू झाले. २०१३ पासून न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात शोम्बर्ग केंद्रात ब्लॅक कॉमिक बुक फेस्टिव्हल भरू लागला, प्रवेश सर्वांना मोफत. तिथे आजी नातवाला घेऊन येते आणि नातू टेबलामागे बसलेला चित्रकार पाहतो, जो त्याच्याच रंगाचा असतो. या संमेलनांचे मोल आम्हाला यात दिसते.

आपले चित्र कोण काढते?

आता आपल्याकडे वळू. २०१२ साली एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. १९४९ चे शंकर यांचे ते चित्र. गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. त्या वेळी आपण संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे एकत्र करून २०१९ साली पुस्तक काढले, तेव्हा हे एखाद-दुसऱ्या चित्राचे प्रकरण नव्हते, हे पुराव्यासह समोर आले. देशातल्या नामांकित वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे बाबासाहेबांना कसे रेखाटले ते त्यात दिसते. निषेध आपण केला. पण निषेधानंतर आपण स्वतः किती चित्रे काढली?

काही चांगली कामे झाली आहेत. ‘नवायन’ने २०११ साली ‘भीमायन’ काढले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचे जीवन आपल्या परंपरेच्या चित्रशैलीत मांडले. त्यांनी चौकोनी चौकटी नाकारल्या, माणसांना खोक्यात कोंडायचे नाही म्हणून. जातीचे विष ओकणाऱ्याच्या संवादाच्या फुग्याला त्यांनी विंचवाची नांगी दिली आणि साध्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा केला. आदिवासी कलावंतांनी कॉमिक्सचे व्याकरणच बदलून टाकले. त्याच वर्षी श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता नैनन यांनी फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ केले. पण ही पुस्तके मुळात इंग्रजीत निघाली, दुकानातून विकली गेली आणि वस्तीतल्या मुलाच्या खिशाला परवडण्याजोगी नाहीत. ती मोलाची आहेतच. मात्र त्यांनी आपले काम संपत नाही.

आणि संमेलनाचे म्हणाल तर आपल्याकडे जगातले सर्वांत मोठे संमेलन आहे. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो माणसे येतात आणि पुस्तके विकत घेतात. ज्या बाईला वाचता येत नाही तीही नातवासाठी दहा रुपयांची पुस्तिका घेऊन जाते. अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांना असा वाचक स्वप्नातही मिळाला नसता. स्टॉल आहे, वाचक आहे, झेरॉक्सचे दुकान प्रत्येक नाक्यावर आहे. त्या स्टॉलवर भाषणे, गीते, चरित्रे, दिनदर्शिका मिळतात. आपल्या पोरांनी आपल्या हाताने काढलेल्या चित्रकथा मात्र आम्हाला शोधूनही क्वचितच दिसल्या.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, आता मोबाइल असताना कागद कशाला? मोबाइलवर टाकलेले चित्र कोणाला दिसेल हे कंपनी ठरवते. उद्या खाते बंद झाले की वर्षांची मेहनत गेली. कागदाची पुस्तिका ट्रंकेत राहते, नातवाच्या हाती लागते. इव्हान्स यांचा एकच अंक निघाला, पण तो कागदावर होता म्हणून पाऊणशे वर्षांनी आपण त्याबद्दल बोलतो आहोत. दुसरा आक्षेप, कॉमिक्स हा हलका प्रकार, त्यात महापुरुष आणले की अवमान होतो. अवमान माध्यमाने होत नाही, काढणाऱ्याच्या दृष्टीने होतो. सांची आणि अजिंठ्याच्या शिल्पकार-चित्रकारांनी जातककथा दगडावर आणि भिंतीवर चित्रांतूनच सांगितल्या. चित्रकथा ही आपली, बौद्धांची जुनी परंपरा आहे.

एक कागद, एक चीर

आमच्या अभ्यासिकेत आम्ही मुलांबरोबर हे करून पाहिले. ए-फोरचा एक कागद घ्या. तीन वेळा घडी घालून आठ चौकोन पाडा आणि उलगडा. मग आखूड कडा एकमेकींवर ठेवून कागद अर्धा दुमडा. घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर एका चौकोनाएवढी चीर द्या. पुन्हा उलगडून लांब कडा जुळवा, दोन्ही टोके आत ढकला आणि पुस्तकासारखी घडी घाला. आठ पानांची पुस्तिका तयार. पिनही लागत नाही. आधी काळ्या पेनाने चित्रे काढा, मग झेरॉक्स करा. एका कागदाची एकच बाजू लागते, म्हणजे झेरॉक्सच्या एका प्रतीच्या पैशात एक पुस्तिका.

मुलांना आम्ही सुरुवातीला महापुरुषांची चरित्रे काढायला सांगितले नाही. आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एक प्रश्न विचारून या, एवढेच सांगितले. एका मुलाने आजोबांचे धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडणे काढले. एका मुलीने गावातली विहीर काढली. आठ पाने विहिरीचीच, आणि शेवटच्या पानावर आजीच्या हातातली रिकामी कळशी. तिला आम्ही काहीच शिकवले नव्हते. हा इतिहास कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती पिढी गेली की तो जाईल.

म्हणून आंबेडकरी तरुणांना आमचे सांगणे आहे. येत्या ६ डिसेंबरपर्यंत प्रत्येक शाखेने, प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक वसतिगृहाने निदान एक पुस्तिका तयार करावी. गावाचे नाव, साल आणि काढणाऱ्याचे पूर्ण नाव, आडनावासकट, मुखपृष्ठावर लिहावे. हक्क काढणाऱ्याकडेच राहू द्यावेत, संस्थेने किंवा नेत्याने ते घेऊ नयेत. मुलींच्या पुस्तिका मुलींनीच काढाव्यात आणि विकायलाही त्यांनीच बसावे. दादरला पुस्तकांच्या स्टॉलवर दोन फूट जागा मागून घ्यावी. चित्र चांगले येत नाही म्हणून थांबू नये. पंधरा सेंटचा तो अंक काढणाऱ्यांना कागद मिळाला नाही. आपल्याला नाक्यावर मिळतो आहे.

जय भीम!